दिवजा सर्कल, मग रायबंदर

उभ्या गाड्यांपासून हातभर लांब.
दार कधी उघडणार
हे आत बसलेल्यालाही ठाऊक नसतं.

हे जयराम पेडणेकरांचं. आमच्या छापखान्यातले.
एकतीस वर्षं सायकल, आडवे झाले एकदाच:
अठरा जून रस्त्यावर, काजूच्या दुकानासमोर,
भर दुपारी, रस्ता मोकळा असताना.

चेहरा बघू नकोस, म्हणायचे,
चेहरा फोनात असतो. पुढचं चाक बघ.
चाकाला खोटं बोलता येत नाही.

पाळी सुटते साडेअकराला.
दिवजा सर्कलला मी उजवा हात पुरता लांब करते,
उधारी मागतानासारखा अर्धा नाही.
मग कॉजवे.
डावीकडे मांडवी, तिच्यात कसिनोंचे दिवे,
उजवीकडे खारफुटीचा काळोख,
आणि मधे मी,
मागे एक लाल दिवा, सुपारीएवढा.

काल एक गाडी बाहीला आरसा घासून गेली.
काळ्या पाटीवर पिवळे आकडे.
‘सॉरी आंटी!’ आणि गाणं, दोन्ही एकदम.
घंटी वाजवली मी. उगाच. कुणासाठी?
हँडल मात्र हललं नाही,
ते हाताचं हाताला कळलं होतं.
गुडघे नंतर थरथरले, चढावर.

रायबंदरला तीच गाडी उभी, काच खाली.
‘आंटी, म्हापसा?’
चुकले होते. पोरंच होती.
तोंडाशी आलेलं गिळलं,
आल्या वाटेकडे हात पुरता लांब केला.
या खेपेला त्यांना दिसला.

कडेला पाय टेकून थांबले
ते वळेपर्यंत.
पेडणेकर म्हणाले असते,
आणखी थोडी थांब.