हितसंबंध

हम्बर नदीच्या मुखाशी, बंद पडलेल्या बर्फखान्यामागे,
चॅपलच्या मागच्या खोलीत आमची बैठक भरते,
दर तीन महिन्यांनी, मंगळवारी, सहाला.
हीटर एकच, आणि तो अध्यक्षांच्या पायाशी.
मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.

पैसे वाऱ्याचे.
समुद्रात दूरवर पवनचक्क्या फिरतात,
त्यांची कंपनी वर्षाकाठी गावाच्या ओंजळीत थोडं टाकते,
आम्ही ते मोजून, पावती घेऊन, पुढे वाटतो.
यंदा वारा बरा होता म्हणतात.
तरी उरलेत चार हजार दोनशे पौंड,
आणि अर्ज दोन. दोन्ही चार हजारांचे.

पहिला रॉबिन टेसीचा: शाळेनं काढून टाकलेली पोरं
त्याच्या गॅरेजात मोडक्या मोटारसायकली जुळवतात.
"परिणाम कसा मोजाल?" या चौकटीत त्यानं लिहिलंय,
'सकाळी येतात.'
खाली अर्धं पान कोरं.

दुसरा दानुता व्हिल्कचा, मासे कापायच्या कारखान्यातली.
तिला हवी मिनीबस, महिन्यातून दोनदा भाड्यानं,
छातीच्या तपासणीला बायकांना न्यायला.
तिचं अक्षर चौकटीत मावत नाही,
समासावर चढलंय,
आणि कागदाला अजून किंचित हॅडॉकचा वास.

अध्यक्ष पिकवेल चष्मा पुसतात, नेहमीचं वाक्य म्हणतात:
"कुणाचे हितसंबंध असतील तर जाहीर करावेत
आणि मतदानापुरतं खोलीबाहेर जावं."
अकरा वर्षं मी इथे 'कोणाचेही नाहीत' लिहिते,
बोटांना पाठ झालंय.
आजही लिहून झालं होतं.

तेवढ्यात नॉर्मन ब्लँचर्डनं हात वर केला.
त्या हाताची दोन बोटं ट्रॉलरवर राहिली,
म्हणून तो हात कायम अर्धाच वर केल्यासारखा दिसतो.
"माझा नातू," म्हणाला, "रॉबिनकडे जातो.
सांगायचं राहिलं."
मग, जरा थांबून, "सांगायचं नव्हतं."
खुर्ची सरकवून तो बाहेर गेला.

मग ग्लेनिस. संध्याकाळभर टोपी काढली नव्हती तिनं.
दाराशी थांबून म्हणाली,
"दानुताच्या यादीत चौथं नाव."

बेरिल उठली: बहीण गेली तिची, कळलं तेव्हा उशीर झालेला.
नगरसेवक स्टॅमर्स म्हणाले, त्या पोरांनी
माझी टपालपेटी जाळली होती एकदा, हाही संबंधच की.
नवी बसवली तीही त्यांनीच. वाकडी.

पिकवेल एकटे उरले. नियमांची वही उघडली,
गणसंख्येचं पान शोधलं, मिटली.
"माझी आई," म्हणाले, आणि पुढे काहीच नाही.
जाताना हीटर माझ्याकडे वळवून गेले.

खोलीत मी, चेकबुक, पाच रिकाम्या खुर्च्या.
कागदाच्या कोपऱ्यात हित वेगळं लिहिलं,
संबंध वेगळा,
मधे बोटभर जागा सोडून पाहिली.
एवढ्याशा गावात हे दोन शब्द
सुटे राहतील असं वाटलं तरी कुणाला होतं!

बाहेर बोळात चहाचा नळ सुटल्याचा आवाज.
रॉबिन आणि दानुता केव्हाचे बाकावर, निकालासाठी,
आता सगळी समितीच त्यांना खेटून उभी.
नॉर्मन विचारतोय, मिनीबसचं भाडं किती.
रॉबिन म्हणतोय, मेव्हण्याकडे एक पडून आहे,
गिअरबॉक्स गेलेली, पण पोरं बघतील.
दानुता म्हणतेय, 'बघतील'वर बायका बसवायच्या का मी?
कुणीतरी हसलं. बेरिल असावी.

साडेसात. मी लिहिते,
'उपस्थित: कोणी नाही. निर्णय: प्रलंबित.'
मग वर जाऊन ते 'कोणाचेही नाहीत' खोडते
आणि तिथे माझं नाव घालते:
मागच्या मार्चमधली तारीख, न गेलेली,
पत्र अजून फ्रिजवर, चुंबकाखाली.

पेनाला टोपण लावते.
दिवा तसाच ठेवून
मीही बाहेर जाते.