नुकसानीचं कारण

संध्याकाळी पाच वाजता फोनवर पत्रक येतं
आणि मी खडू घेऊन सोसायटीच्या फळ्यापाशी जाते.
वारा आग्नेयेकडून, ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न,
झोत पासष्टपर्यंत.
समुद्र खवळलेला ते अति खवळलेला.
मच्छीमारांनी जाऊ नये.
'नये'ला जागा नेहमी कमी पडते,
ते चौकटीच्या लाकडावर जातं.

माझं माहेर जत.
तिथल्या फळ्यावर टँकरची वेळ लिहीत,
आणि टँकर आला नाही तरी
लिहिणाऱ्याला कुणी विचारत नसे.
इथे मढला विचारतात.

त्या दिवशी दर्या ताटासारखा सपाट.
आश्विनातलं ऊन, औषधाला ढग नाही.
धक्क्याला नऊ बोटी, खणांत बर्फ भरलेला,
डिझेल उधारीवर,
खलाशांच्या कांदेबटाट्याच्या गोण्या चढलेल्या.
जोमा तांडेल फळा वाचत राहिला,
मग पाण्याकडे बघत राहिला,
मग पुन्हा फळा.
"कुठंय?"
मी म्हटलं, चारशे मैलांवर,
लक्षद्वीपच्या वर, इकडे सरकतंय.
"त्याला मढ ठाऊक हाय का?"
सगळे हसले. मीही हसले,
खडू बोटांत तसाच.

"पत्रक राहू दे. तुला काय वाटतं?"

मला पोहता येत नाही, तांडेल.
मला लाट मीटरमध्ये कळते.
दोन पूर्णांक आठ ते तीन पूर्णांक चार,
म्हणजे आमच्या खोलीत पंख्यापर्यंत पाणी,
एवढंच मी मनात धरते.
पण हे मी बोलले नाही.

तेवढ्यात पलीकडे चांगुणाबाय दिसली.
ऊन असं कडक, बोंबील अजून अर्धे ओले,
आणि ती वलांडीवरून ते उतरवत होती,
जबड्यात जबडा अडकवलेली एकेक जोडी
सोडवून पाटीत टाकत, घाई न करता.
जोमा तिच्यापाशी गेला.
ती मान वर न करता म्हणाली,
"वारा नाय रे. पन खडपावर रातभर आवाज हाय.
लांबून चालत आलेली लाट हाय ती."

बोटी राहिल्या.

वादळ तिसऱ्या रात्री ओमानकडे वळलं.
नकाशावरची लाल रेघ अशी वाकली
जसं कुणी रस्त्यात ओळखीचं माणूस टाळावं.
मढला वारा आला तो एवढाच
की दोरीवरची लुगडी लवकर वाळली.

चौथ्या दिवशी खणांतलं पाणी पंपाने काढलं.
बर्फाचं पाणी, गोडं, थंडगार, जरा वाशेळ.
पोरांनी पाइपाखाली उभं राहून किंकाळ्या मारल्या.
बायका धक्क्यावर बसून
कुणाशीच बोलत नव्हत्या, माझ्याशी तर नाहीच.

मग अर्ज. नऊ अर्ज, तीन प्रतींत.
सातवा रकाना: नुकसानीचं कारण.
वादळ लिहावं, तर ते आलं नाही.
फळा लिहावा, तर फळा माझ्या हातचा.
चांगुणाबाय म्हणाली, माजा नाव घाला,
मी बोंबील काढले म्हनून पोरं थांबली.
तिचे बोंबीलही पाटीत बुरशीला लागले होते,
त्याचा अर्ज मात्र नव्हता.
शेवटी मी लिहिलं: न आलेलं वादळ.
आठ दिवसांनी सगळे परत आले,
कोपऱ्यात लाल शाईने: कारण स्पष्ट करावे.

आज पाच वाजता
वारा वायव्येकडून, ताशी दहा ते वीस.
समुद्र मध्यम.
पुढची ओळ लिहायच्या आधी मी
सोसायटीच्या मागे जाऊन येते.
वलांडी भरलेली आहे,
बोंबील उन्हात आरपार दिसताहेत,
चांगुणाबाय खाली झोपलीय, तोंडावर पदर.
येऊन लिहिते: इशारा नाही.

जोमा वाचतो. 'हरबाकृपा'चं इंजिन कधीचं सुरू.
दोर सोडता सोडता वळून म्हणतो,
"कारण स्पष्ट करावे,"
आणि उडी मारून बोटीत.