कोणता घ्यायचा, मुबीन

व्हॅनच्या मागच्या खणात सगळेच आहेत, मुबीन.
कोणता घेऊ, हे मला नंतर विचार.
आधी सांग, काय मोजायचंय
आणि चुकलं तर कुणाचं जाणार.

स्मेल्टरवर जायचं असेल तर के टाइप.
पिवळी वायर, लाल वायर.
इथे लाल म्हणजे ऋण,
खेडच्या आयटीआयत शिकलेलं विसर.
हा आडदांड आहे, दोन-चार अंश इकडेतिकडे करतो,
पण नऊशे साठच्या रसात बुडवला तरी बोलतो.
तो रस कवच खातो. थोड्या बुडक्यांत संपलं,
फेकून दे, जीव लावू नकोस.

दूध डेअरीला प्लॅटिनम.
बर्फाच्या भांड्यात शंभर ओहम दाखवतो का बघ,
मगच घेऊन जा.
त्याची नळी जाड, त्याला वेळ लागतो.
आकडा चढत असताना वहीत लिहायचा नाही,
फोरमन मागे उभा राहून घड्याळ वाजवत असला तरी.

बंदरावरच्या शीतगृहात टोकदार.
सुरमई, इथे तिला कनद म्हणतात,
दगडासारखी गोठलेली असते.
आधी ड्रिलने भोक, मग टोक आधीच गार केलेलं,
आणि पार मधोमध.
वरचं कातडं उणे अठरा सांगतं
आणि काट्याजवळ अजून काल असतो.

बंदूक तुला आवडते, ठाऊक आहे.
लांबून लाल ठिपका मारला की झालं.
पण चकचकीत पत्र्यावर नको,
त्याच्यात छताची, भट्टीची, तुझ्या तोंडाची उष्णता दिसते,
पत्र्याची नाही.
काळी टेप चिकटव, जरा थांब, मग टेपवर मार.

आता हे राहिलं. काळा गोळा, तिकाटणं,
आणि ओल्या वातीचा थर्मामीटर.
हे मी कुणाला उसनं देत नाही.

तीन वर्षांपूर्वी, मेचा शेवटचा आठवडा.
दुपारची सक्तीची सुट्टी जूनपासून,
तोवर साइटवरचा आकडा म्हणेल ते.
टाक्यांच्या सावलीला पाण्याचा पिंप होता.
सुपरवायझर म्हणाला, इथे लाव, वारा चांगला येतो.
मी खणातला सगळ्यात बारीक थर्मिस्टर काढला,
सर्टिफिकेट ताजं, दशांशापर्यंत अचूक.
एकोणचाळीस पॉइंट दोन. सही केली.
त्यात एक दशांशही खोटा नव्हता.

वर पालाडावर करीमनगरचा यादगिरी होता.
सावलीतला आकडा त्याच्यापर्यंत चढला नाही.
दीडच्या सुमारास तो खाली बसला,
हातमोजे काढून नीट एकावर एक ठेवले
आणि मला तेलुगूत काहीतरी विचारलं,
मी त्याचा बापच असल्यासारखं.
अंगाला घाम नव्हता. तेव्हा मला कळलं.

वाचला. सोहारच्या हॉस्पिटलात सोळा दिवस,
मग विमान, मग गाव.
डावा हात थरथरतो, शेतावर जात नाही,
टपरी टाकलीय मोबाइल रिचार्जची.
अधूनमधून व्हॉइस मेसेज येतो,
तोडक्या हिंदीत, मागे बायको ओरडत असते.
त्या दिवसाचं काही बोलत नाही.
एवढंच विचारतो, उधर आज कितना है?

मी गोळ्याचा सांगतो.

तू उन्हात लाव, मुबीन,
माणसं जिथे वाकून काम करतात तिथे,
छातीच्या उंचीला.
सुपरवायझर चहा देईल, घे, चहाचं काही नाही.
वात कोरडी पडली की तोही खोटं बोलायला लागतो,
डिस्टिल्ड पाण्याची बाटली तुझ्या सीटखाली आहे,
प्यायची नाही ती.
चल, टेलगेट लाव. फाटकावर पास दाखवावा लागेल.