पंधरा एप्रिलच्या आत

फ्रिजवर दोन पत्रं, एकाच चुंबकाखाली.
बॉस्टनचं जाड कागदावर: नाव मोठं,
कर्ज त्याहून मोठं.
मॉर्गनटाउनचं साधं. फी माफ,
घरापासून चाळीस मैल.

वर्डी रात्रपाळीहून येते,
बूट न काढताच
पाकिटाच्या पाठीवर बेरीज मांडते.
साथरोगशास्त्र दोन्हीकडे तेच,
असं कुणीतरी सांगितलंय तिला.

बाप नळाखाली बरणी धरतो.
खाणीकडून आलेलं पाणी, तांबूस.
"बसू दे खाली," एवढंच म्हणतो.
कॉलेजचा विषय नाही.

गाळ बसतो. वरचं पाणी नितळ दिसतं.
नितळ दिसणाऱ्यात काय काय असतं
ते ठाऊक आहे तिला;
म्हणून तर अर्ज केले होते.

चुंबक काढते,
तर दोन्ही पत्रं एकदमच खाली.