अडकलेलं तिकीट

गणपती गेले आणि माझ्या गोळ्या पसरायला लागल्या.
पन्नास मीटरवर जिथे पाच भोकांचं मिळून
एकच फाटकं भोक व्हायचं,
तिथे कुणी चिमूटभर मोहरी भिरकावल्यासारखं.
वहीत लिहिलं: दहाच्या वर्तुळाऐवजी
दहा वाजता, डावीकडे, वर.
कारण: —

दिवसा मी मस्जिद बंदरला वजनं तपासते.
पाच किलोचं लोखंड उलटं करून
बुडातल्या शिशाला विचारते, यंदाचा शिक्का कुठाय?
काटा खोटं बोलला की दंडाची पावती.
व्यापारी म्हणतात, निमकरबाई, तीन ग्रॅमसाठी एवढं?
हो, तीन ग्रॅमसाठीच.

पण रायफलची पावती कुणाच्या नावाने फाडायची?

पहिला संशय गोळ्यांवर. त्या महाग, आणि परक्या.
लॉट बदलला. पसारा तोच.
मग वाऱ्यावर. वरळीचा समुद्र भिंतीपलीकडे,
सुताच्या झेंड्या कधी इकडे कधी तिकडे;
पण वारा रोज डावीकडेच कसा वाहील?
मागच्या दुर्बिणकडीचा स्क्रू आवळला.
नळीतून एवढ्या चिंध्या ओढल्या
की शेवटची माझ्या रुमालाहून पांढरी निघाली.
मग स्वतःवर. चहा सोडला. नऊला झोपले.
गाल लाकडावर नेमका कुठे टेकतो
तिथे पेन्सिलीने टिंब काढलं.

एका रविवारी वैतागून
पट्टा, गोळी, गालाची पट्टी, तिन्ही एकदम बदललं
आणि पाचही दहात बसल्या.
वेड्यासारखी हसले.
मंगळवारी पुन्हा मोहरी.
तिघांपैकी उपकार कुणाचे होते
हे आता कधीच कळायचं नाही.
खात्यातल्या नव्या पोरांना मीच तर सांगते,
एका वेळी एकच गोष्ट हलवा.

रेंजच्या मागे, बदामाच्या झाडाखाली, तांडेल बसतो.
पूर्वी होड्या बांधायचा, आता बंदुका सुधारतो,
पत्र्याची पेटी मात्र तीच.
त्याने मला काही विचारलं नाही.
कानातली कापूसकाडी घेऊन
नळीच्या तोंडावर आतून बाहेर फिरवली.
एकही तंतू अडकला नाही.
स्क्रू बघितले. मान हलवली.
मग म्हणाला, "बाय, बसचा तिकीट हाय?"

पर्समध्ये होतं, भायखळ्याहून आलेलं,
चुरगळलेलं. त्याने मांडीवर सपाट केलं,
नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवलं
आणि मागे ओढत नेलं, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या अंगाखालून चादर काढावी तसं.
वीतभर गेलं. अजून चार बोटं.
आणि थांबलं.
उजवीकडे, खालच्या अंगाला.

"लाकूड पानी पिलाय," तांडेल म्हणाला.
"होरीची फली फुगली का फटी मिटतान,
होरीला त्ये बरा. हिला नाय."

कुठल्या थंड डोंगरातला तो अक्रोड,
चार महिने आमची खारट हवा पीत
माझ्या नळीला खांद्याने ढकलत राहिला,
कागदाच्या जाडीइतका.
आणि मी चहा सोडला होता.

त्याने पाइपाच्या तुकड्याला पॉलिशपेपर गुंडाळला.
तपकिरी भुकटी त्याच्या लुंगीवर पडत राहिली.
मधेमधे तिकीट घालून बघायचा,
पुन्हा घासायचा, फुंकायचा, पुन्हा तिकीट.
शेवटी ते टोकापासून मुळापर्यंत गेलं,
कुठेही न थांबता.
मग उघड्या लाकडावर वार्निशचा हात,
आणि दोन दिवस वाळवण.

गुरुवारी आडवी झाले. श्वास अर्धा सोडला.
चार गोळ्या एकाच भोकात,
चौथीला कागद फाटल्याचंही कळलं नाही.
पाचवी दहा वाजता, डावीकडे, वर.

मी वळून तांडेलकडे बघितलं.
तो बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.
"आता माजे कर नको बघू," म्हणाला.

वहीत कारणाचा रकाना कोरा आहे.
तिकीट त्याच पानात ठेवलंय.
कडेला अक्रोडाची भुकटी अजून चिकटलेली,
वजन केलं तर काटा हलणार नाही इतकी.