मान : अर्थ तिसरा

नान्सीच्या कोशकचेरीत, रेडिएटरशेजारच्या खणात
आठशे वर्षांपूर्वीची माणसं
चिठ्ठ्याचिठ्ठ्यांनी निजलेली :
कुणी 'सोव्हँ', म्हणजे उताणा, आढ्याला हिशेब देत,
कुणी 'आदाँ', पालथा,
शब्दशः, दातांवर.
मातीत दात रुतल्याशिवाय
त्या भाषेत कुणी पालथं पडत नसे.

गिस्लेन वार्नियेच्या वाट्याला 'आंब्रों' आला.
मान खाली. इतकंच पक्कं.
पुढे चिठ्ठ्यांचं आपसांत पटत नाही :
निरोप ऐकून सरदार आंब्रों,
लढाईवरून नवरा आला नाही, बाई आंब्रों,
शिरस्त्राण कपाळावर घसरलं, तोही आंब्रों.
एक घोडासुद्धा.
राग की दुःख, लाज की नुसताच विचार,
गाणाऱ्यानं सांगितलं नाही.
ऐकणाऱ्यांना मान दिसत होती, भागत होतं.

आधीच्या संपादकाची पेन्सिल :
१. खिन्न. २. झाकलेला.
३.
आणि पुढे शिशाचा एक ठिपका,
बहुधा जेवायची वेळ झाली असावी.

शनिवारी ती पिकार्दीत, वडिलांकडे.
आन्सेल्म वार्निये, वय एकोणनव्वद.
चाळीस हंगाम बीटच्या सरींत
आखूड दांड्याच्या कुदळीमागे,
आता मान वर येतच नाही.
डॉक्टरांकडे तिच्यासाठी लांबलचक ग्रीक नाव आहे.
शेजारीण म्हणते, बायको गेली तेव्हापासून.
पाद्रीबुवा म्हणाले, शेवटी सगळेच नम्र होतात,
तेव्हा म्हाताऱ्यानं जमिनीकडे बघत
एक नीट, जुनी शिवी हासडली.

चेहरा बघायचा तर तिलाच
त्यांच्या खाली जावं लागतं.
आधी वाकली, मग उकिडवी,
मग सरळ फरशीवर आडवी,
पंचावन्न वर्षांची बाई, ओव्हरकोटासकट,
गालाला गार फरशी.

"काय झालंय, बाबा?"

"कुठे काय," ते म्हणाले,
"बटण पडलंय. मधाच्या रंगाचं.
खाली गेलीच आहेस तर
कपाटाखाली बघ जरा."

सोमवारी तिनं ठिपक्यापुढे लिहिलं :
काहीतरी शोधत असलेला.
आधार? अख्ख्या खणात एक ओळ नाही.
नियमाप्रमाणे खोडलं.
आणि रबराचा चुरा फुंकायला
मान खाली घातली,
जराशी जास्तच वेळ.