लाइन

बाबा कोराडीच्या पॉवर हाउसात बॉयलरवर होते
आणि आमच्या क्वार्टरच्या खुंटीवर कंदील होता.
हे सांगितलं की पोट्टे हसतात.
हसोत बापडे. तेव्हा आम्हीही हसायचो.

मे महिना. कूलर घुमत घुमत थांबायचा,
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उगीच टपकत राहायचं,
आणि सगळी कॉलनी एका आवाजात म्हणायची, "गेली!"
मग कुंपणापलीकडून डोंगरेकाकू:
"अजी भाऊ, लाइन कधी येते?"
जशी काही त्यांनीच डब्यात बांधून आणली असावी घरी.
बाबा उत्तर देत नसत.
खाली बसत, कंदील दोन पायांत धरत
आणि काच उचलायची ती तार दाबत.

काच पुसायचं काम माझं,
कारण माझाच हात आत जायचा.
आधी बंबातली राख, मग कालचा पेपर.
एकदा फुटली, तेव्हाची चीर
अजून आहे तळहातावर, आयुष्यरेषेला आडवी.
वात कात्रीनं सरळ कापायची, कोपरे जरा गोल,
नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात.
"लय नोको वाढवू, पोरी. मुगाच्या डाळीएवढी पुरे.
आपल्याले जेवाचंच आहे,
लग्न थोडीच लावाचं आहे?"

परवा शोधायला निघाले तर राकेल कुठंच नाही.
रेशनवाला निखाडे म्हणाला, "ताई, जमाना झाला."
इतवारीत, टिनाच्या गल्लीत, हबीब मिस्त्री भेटला,
चाळणीचा काठ ठोकत बसलेला.
त्यानं कंदील कानाशी धरून हलवला, नारळासारखा.
"टाकी ठीक है. वायसर गया."
चामड्याचा नवा कापून दिला, वीस रुपये,
आणि फळीमागच्या बाटलीतलं पाऊण लिटर तेल.
कुठून आलं, मी विचारलं नाही.

खेकरानाल्याच्या पाण्याकाठी पाच तंबू.
मिहिका आणि तिच्या ऑफिसातले, कपाळाला दिवे बांधलेले.
एकमेकांकडे पाहिलं की डोळे दिपत,
म्हणून सगळे खाली पाहून बोलत होते.
मी कंदील पेटवला.
"ई, वास!" एक मुलगी म्हणाली.
होताच वास. मी पोटभर घेतला.
थोड्या वेळानं मिहिका: "आई, कमी कर ना.
तारे दिसत नाहीयेत."

कमी केला. मुगाच्या डाळीएवढा.

तारे आले. आणि दक्षिणेला, झाडांच्या वर,
धुरकट नारिंगी उजेड, त्यात लाल ठिपके,
उघडझाप, उघडझाप.
कोराडीच्या चिमण्या.
आईची चिमणी शाईच्या दौतीची होती, चुलीपाशी,
भिंतीवर काजळाचं शेपूट काढणारी.
बाबांची ही, ढगात डोकं घातलेली.
दोन्हींना आम्ही एकच शब्द वापरला
आणि कधी गोंधळलो नाही.

पहाटे पाण्यावर उजेड पसरला
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
कॉलनीत ओरडायचो तसं, जोरात: "आऽऽली!"
तंबूंतून डोकी बाहेर.
"काय आलं, काकू? वाघ?"
काही नाही म्हटलं. झोपा.

मिहिका कंदिलापाशी वाकली, गाल फुगवून.
थांब, म्हटलं.

लाइन आली की आम्ही सगळे धावायचो विझवायला,
आणि बाबा हात आडवा धरायचे.
बल्बकडे एकदा पाहायचे,
उधार नेऊन परत आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.
"लगेच नोको. पाच मिनिटं राहू दे.
मले माहीत आहे न तिकडचं."